चौदा नंबरच्या चित्रातला कुत्रा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही वही २०१६ सालची आहे. पानावर छापलेला वार गुरुवार होता, तो खोडून सोमवार केला. प्रेस बंद पडली त्या वर्षी मालकांनी निरोपाला दिली होती. नऊ वर्षं कपाटात कोरी पडून होती, ती काल कुसुमनं काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, “अहो, दिवसभर स्वतःशी पुटपुटता, ते यात लिहा. भाजी निवडताना मला शांतता हवी.”

तर ही वही खासगी आहे. कुलूप नाही, त्याची गरजही नाही. घरात दुसरं माणूस म्हणजे कुसुम, आणि तिचं वाचन सकाळच्या पेपरातल्या शब्दकोड्यापाशी संपतं. पंचवीस वर्षं शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवलं तिनं. तिसरीच्या पुढचं तिला यातलं काही कळत नाही, हे मी प्रेमानंच म्हणतो.

मी गोपाळकृष्ण परचुरे, वय एकाहत्तर, धंदा मुद्रितशोधन. सोप्या भाषेत प्रुफं तपासणं. बुधवार पेठेतल्या प्रेसमध्ये एकेचाळीस वर्षं काढली आणि अजूनही योगेश प्रकाशक घरी प्रुफं आणून देतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागलेलं नाही. शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटी ‘पान अमुक, ओळ तमुक, चुकलो’ अशी जी शरणागतीची चिठ्ठी चिकटवतात ती. मी मेल्यावर फोटोखाली एवढंच लिहा, बाकी कर्तृत्व नाही.

आता मुद्दा. आमच्या मागच्या खोलीत उत्कर्षा राहते. यवतमाळची पोरगी, कात्रजच्या अलीकडे टेकडीला खेटून जे खासगी विद्यापीठ झालंय त्याच्या कलासंग्रहालयात नोकरीला. वर्षावर्षाच्या करारावर. त्यांच्याकडे फ्रान्सहून एकवीस चित्रं दोन महिन्यांसाठी आली आहेत. चित्रांखालच्या मराठी पाट्या कुणीतरी कॉम्प्युटरकडून करून घेतल्या. तिनं मला यादी वाचून दाखवली. टेबलावर सफरचंदं मांडलेल्या ‘स्टिल लाइफ’ चित्राखाली लिहिलंय ‘अजून जीवन, सफरचंदांसह’.

मी चहा बाजूला ठेवला.

“काका, नाही म्हणू नका न,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहून द्या सगळ्या पाट्या.”

मी म्हटलं, चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, बघणाऱ्यांनापण नाही कळत. हे पटलं.

एक नियम स्वतःसाठी लिहून ठेवतो. प्रुफवाल्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, म्हणून त्यानं स्वतःचं तपासू नये. ही वही मी मागे वळून वाचणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संग्रहालयात जाऊन आलो. जाताना हडपसरमार्गे. बसवर हल्ली नंबर दिव्यांनी लिहितात आणि त्या आकड्यांना कडा म्हणून नसते. कात्रजची समजून दुसऱ्याच बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, समोर लिहिलंय की मोठ्या अक्षरात.” मी म्हटलं, मोठं लिहिणं आणि सुवाच्य लिहिणं यात फरक आहे. पुढच्या स्टॉपला उतरवलं मला.

चित्रकारांची नावं फ्रेंच. लिहायची एक आणि म्हणायची दुसरी. शेवटची दोन-तीन अक्षरं उच्चारायचीच नाहीत, असं उत्कर्षानं सांगितलं. मग लिहिली कशाला? आमच्या प्रेसमध्ये अक्षरजुळणीचे एवढे खिळे फुकट घालवले असते तर मालकांनी दारात उभं केलं नसतं. या इम्प्रेशनिझम पंथाला मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतात. तो शब्द वाचून ज्याला चित्रं बघावीशी वाटतील त्याचा मी सत्कार करीन. पाटीवर घेणार नाही.

चित्रं मात्र उत्तम! मी तयारीनं गेलो होतो की काहीतरी फराटे असणार. छे. नदी, पूल, शेत, पावसानंतरचा रस्ता, एक पाठमोरी बाई. सगळं स्वच्छ. मी उत्कर्षाला तसं म्हणालो.

“काका, तुम्हाला ही ब्लर नाही वाटत? म्हणजे पुसट? हे लोक मुद्दाम तशी काढायचे न. आउटलाइन नाही, नुसता प्रकाश.”

“पुसट कुठं आहे? हुबेहूब आहेत. हे रस्त्यावरचे दिवे बघ. मंडईतले दिवे संध्याकाळी अस्सेच दिसतात. प्रत्येकाभोवती पिवळं कडं.”

ती चित्र सोडून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या निरिक्षणाचं तिला नवल वाटलं असणार. या मुलांना दिवा बघायला सवड कुठे असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तीन दिवस रोज गेलो. एकेका चित्रापुढे स्टूल टाकून बसलो. प्रुफाचा हाच नियम, घाई करायची नाही. पाट्या लिहून झाल्या. काही इथं उतरवतो, कारण मला आवडल्या आहेत.

चित्र क्र. ३. पावसानंतरचा रस्ता. जवळून पाहिल्यास रंगाचे गोळे दिसतात. ते आम्हांस ठाऊक आहे. सहा पावले मागे यावे. मागे कोण उभे आहे ते आधी पाहावे.

चित्र क्र. ७. गवताची गंजी. ‘हे तर माझा नातूही काढील.’ अवश्य काढू द्यावे. तोवर हे पाहावे.

चित्र क्र. ११. पाठमोरी बाई. चेहरा दाखविलेला नाही. चौकशी करू नये.

चित्र क्र. १४. नदीकाठची सकाळ. उजव्या कोपऱ्यात कुत्रा बसला आहे. न दिसल्यास पुन्हा पाहावे. दोष चित्राचा नाही.

चौदा नंबरचा कुत्रा ही माझी खास कमाई. उत्कर्षानं दिलेल्या माहितीच्या कागदात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. नदीवर बाया, एक होडी, आणि कोपऱ्यात गुपचूप हा बसलेला. मान वळवून पाण्याकडे बघतोय. मला तो फार आवडला. कुणाचाच नाही असा दिसतो.

उत्कर्षानं पाट्या वाचल्या आणि हसून हसून खुर्चीत बसली. चौदा नंबरवर थोडी थांबली. “काका, कुत्रा?” म्हणाली. मी म्हटलं, “कुत्रा.”

दुपारी योगेश येऊन गेला. तपासलेली प्रुफं घेतली आणि म्हणाला, “काका, वय वाढतंय तशी तुमची नजर धारदार होतेय. मागच्या कादंबरीत नायिकेच्या आईचं नाव शंभराव्या पानावर बदललं होतं. लेखकाला कळलं नाही, मला कळलं नाही, तुम्ही पकडलंत.” पकडल्याचं मला आठवेना. एवढं काम हातून जातं, सगळं कुठलं आठवायला. पण छपाई हल्ली फार फिकी करतात, हे मी त्याला सुनावलं. शाई वाचवतात मेले.

कुसुम शेजारी शेंगा सोलत होती. तिच्या बोटाला लाल डाग होता. म्हटलं, “कुंकू सांडलं का?” म्हणाली, “हो, तसंच काहीतरी.” पूर्वी ती दुपारी झोपायची. हल्ली गॅलरीत शब्दकोडं घेऊन दोन-दोन तास बसते. एक शब्दकोडं सोडवायला दोन तास! तिसरीची पातळी, दुसरं काय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन झालं. संग्रहालयाच्या संचालक श्यामला मॅडम यांचं भाषण चाळीस मिनिटं. त्यात ‘संवाद’ हा शब्द एकोणीस वेळा आला आणि आम्हाला एकमेकांशी बोलायची बंदी होती. कुलगुरूंनी आशिर्वाद दिले, कुणाला ते कळलं नाही.

पण पाट्यांना काय हशा! माणसं एरवी संग्रहालयात देवळासारखी हात बांधून चालतात. आज सहा-सहा पावलं मागे जात होती, एकमेकांवर आपटत होती, हसत होती, परत बघत होती. एक प्राध्यापक सात नंबरपुढे म्हणाले, “ही पाटी माझ्यासाठीच आहे.” मी म्हटलं, “तुमचं नाव नव्हतं माहीत, नाहीतर घातलं असतं.”

कुसुम चौदा नंबरपुढे बराच वेळ उभी होती. मी जाऊन विचारलं, “दिसला का?” तिनं चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत चित्राकडे.

“दिसला की,” म्हणाली. “कान पाडून बसलाय.”

कान पाडलेले माझ्याही लक्षात आले नव्हते. बाईची नजर बरी आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

कुत्रा गाजतोय! इंजिनिअरिंगची पोरं टोळ्यांनी येतात आणि चौदा नंबरपुढे अर्धा-अर्धा तास उभी राहतात. आधी नदी बघतात, मग बाया, मग होडी, मग पाण्यातली झाडं, आणि मग कुणीतरी ओरडतं, “दिसला!” की बाकीच्यांनाही दिसतो. अभिप्रायाच्या वहीत आज वाचून घेतलेले नमुने: ‘कुत्रा दिसला. धन्यवाद.’ ‘कुत्रा उत्तम. नदीही बरी.’ ‘मला मांजर वाटली, चालेल का?’ चालणार नाही.

दोन सद्‌गृहस्थ जातीवरून भांडले. एक म्हणे शिकारी, दुसरा म्हणे गावठी. श्यामला मॅडमनी स्वतः मला चहा पाजला आणि म्हणाल्या, “परचुरेसाहेब, या गावात कुणी एका चित्रासमोर वीस मिनिटं उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघतेय.” त्यांनाही कुत्रा दिसला आहे. पहिल्याच दिवशी दिसला म्हणे.

४ डिसेंबर, गुरुवार

वाईट दिवस.

चित्रांच्या मालकांकडून एक गोरे गृहस्थ आले होते, चित्रांची तब्येत तपासायला. हातात बॅटरी, कपाळावर भिंग. चौदा नंबरपुढची गर्दी बघून त्यांनी चौकशी केली. उत्कर्षानं पाटीचा अर्थ सांगितला. त्यांनी बॅटरी मारून कोपरा इंच-इंच पाहिला आणि शांतपणे सांगितलं की इथे कुत्रा नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ नाही. हे धुण्याचं गाठोडं आहे.

श्यामला मॅडमचा चेहरा काय झाला असेल ते उत्कर्षानं सांगितलं नाही. साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, ही पाटी तपासली कुणी? उत्कर्षा म्हणाली, मी. तिचा करार एकतीस डिसेंबरला संपतोय. पुढच्या वर्षाच्या कागदावर सही मॅडमची लागते, आणि आज त्या म्हणाल्या, “बघू.” पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते यवतमाळच्या पोरीलाही दोन वर्षांत कळलंय.

मी म्हटलं, “त्या साहेबाला चष्म्याची गरज आहे.”

ती म्हणाली, “काका, मलापण पहिल्यापासून नाही दिसला कुत्रा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलं होतं न. मला वाटलं, मलाच चित्र कळत नाही.”

कुसुम कणीक मळत होती. तिचे हात थांबले आणि परत चालू झाले. मी तिला म्हटलं, “तू सांग हिला, तुला दिसला होता ना?” ती म्हणाली, “मीठ घालायचं राहिलं वाटतं,” आणि आत गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी गच्चीत उभा राहून एक प्रयोग केला. आधी डावा डोळा झाकला. समोरच्या इमारतीवर जी जाहिरात आहे ती गेली. पुसट झाली नाही, गेलीच. फक्त उजेड राहिला, साबणाच्या पाण्यातून पाहावं तसा. मग उजवा झाकला. जाहिरात आली, पण अक्षरं लागेनात. तीन वेळा करून पाहिलं. खालून वॉचमननं विचारलं, “काका, कुणाला डोळा मारताय?”

तर असं आहे. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला हे माहीत होतं. पूर्ण नाही, पण होतं. शाई फिकी नाही. बसचा नंबर नीट आहे. दिव्यांभोवती कडी नसतात.

माझे तिर्थरूप प्रेसमध्येच होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना आठवडाभर निजवलं होतं. पट्टी काढली तर त्या डोळ्यानं काही दिसेना. परत कधी दिसलंच नाही. नंतर ते प्रेसच्या दारात बसून कागदाची रिमं मोजायचे. एकदा मी वाचत असलेलं प्रूफ त्यांनी हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं.

मला भिती वाटते. आंधळं होण्याची वाटते, पण त्याहून जास्त म्हणजे योगेशला, कुसुमला, सगळ्यांना कळण्याची वाटते. डोळ्यांशिवाय माझ्यात काय आहे? स्वभाव तर सर्वांना माहीत आहे. नुसती भिती म्हणून दोन वर्षं गप्प बसलो आणि त्यात त्या पोरीची नोकरी चालली.

६ डिसेंबर, शनिवार

कुसुम सकाळी चहा देताना म्हणाली, “मंगळवारी साडेदहाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मला तपासून घ्यायचेत. तुम्ही सोबत चला.”

मी म्हटलं, “तुला काय झालंय? तुला तर कुत्र्याचे कानसुद्धा दिसतात.”

“त्याचसाठी,” म्हणाली.

मग कप उचलताना, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, “आता त्या वाळूच्या पिशव्या वगैरे नसतात हो. वीस मिनिटांत घरी सोडतात.” वाळूच्या पिशव्यांचं मी तिला कधी बोलल्याचं आठवत नाही. लग्नाच्या सुरुवातीला बोललो असेन.

९ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टर ऋषी वयानं उत्कर्षाएवढे. कुसुमचे डोळे दोन मिनिटांत तपासले, उत्तम आहेत. मग ती म्हणाली, “आलोच आहोत तर यांचेही बघा.” मला शेंडी लावली, हे खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात उजेड मारला आणि शिट्टी वाजवली. मी म्हटलं, “डॉक्टर, रोग्यासमोर शिट्टी वाजवायची नसते.”

“सॉरी आजोबा. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. उजवा पूर्ण पिकलाय, डावाही त्याच वाटेवर. तुम्ही काय काम करता?”

“प्रुफं वाचतो.”

“या डोळ्यांनी?”

“चुका न ठेवता.”

त्यांनी कुसुमकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या तक्त्यातली खालची बारीक ओळ वाचत होती, ओठ हलवत.

तिथून थेट विद्यापीठात गेलो. श्यामला मॅडमना म्हटलं, चौदा नंबरची पाटी मी लिहिली, तपासली मीच, उत्कर्षानं शंका विचारली होती आणि मी ती उडवून लावली. त्या म्हणाल्या, “मग पाटी काढून टाकू.” मी म्हटलं, काढायची नाही. छापलेलं गुपचूप काढून टाकणं म्हणजे लबाडी. चूक असेल तर मी सहीनिशी दुरुस्ती देईन, पण मूळ प्रत स्वतः पाहिल्याशिवाय मी आयुष्यात दुरुस्ती केलेली नाही. आणि मूळ पाहायला मला डोळा लागेल. तो पुढच्या मंगळवारी, उजव्याचं ऑपरेशन झालं की मिळतोय.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “एकतीसच्या आत,” म्हणाल्या.



१६ डिसेंबर, मंगळवार

उजवा झाला. आज लिहायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, म्हणून एवढंच लिहितो.

१८ डिसेंबर, गुरुवार

कुसुमची घरातली साडी जांभळी आहे. मी चार वर्षं तपकिरी समजत होतो आणि ‘किती दिवस ती मळकी साडी नेसणार’ म्हणून टाकून बोलत होतो. एकदाही तिनं दुरुस्त केलं नाही.

सकाळी काळा चष्मा काढून गॅलरीत उभा राहिलो. समोर कुणीतरी चादर वाळत घातली होती. तिची सावली भिंतीवर निळी पडली होती. निळी! मी पाच वेळा बघितली. त्या फ्रेंच माणसांनी सावल्या निळ्या-जांभळ्या काढल्यात असं उत्कर्षा सांगायची आणि मला त्या मातकट दिसायच्या. वाटायचं, पोरगी पुस्तकातलं बोलतेय. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला सावलीचा रंग कळला. रडू आलं, तर डोळ्यात पाणी नको म्हणून कुसुम ओरडली.

मग ती थेंब घालायला वाकली आणि मी तिचं तोंड पाहिलं. म्हातारी झाली आहे. कपाळाला आठ्या, हनुवटीवर तीळ होता तो मोठा झालाय, डोळ्यांखाली काळं. कधी झालं हे सगळं? मी इथेच होतो. मला एकदम फार वाईट वाटलं आणि ती फार आवडली.

“असं काय बघताय?” म्हणाली.

“काही नाही. छपाई चांगली आहे.”

“थेंब बाहेर गेला,” म्हणाली आणि दुसरा घातला.

२३ डिसेंबर, मंगळवार

सहा पावलं मागे उभा राहिलो. लांबचं दिसायला डॉक्टरांनी तात्पुरता चष्मा दिलाय. डोळ्यातलं भिंग मी ऑपरेशनच्या वेळी मुद्दाम जवळचं दिसणारं बसवून घेतलं, प्रुफांसाठी.

कुत्रा नाही.

गाठोडं आहे. पांढऱ्या चादरीत बांधलेलं, वर गाठ. ती गाठ म्हणजे कुत्र्याचे कान. उन्हाची एक तिरीप त्यावर पडली आहे आणि खाली निळी सावली. बाकी चित्र आता किती पुसट दिसतं! पाणी म्हणजे नुसते फटकारे. आणि तरी ओलं आहे, थंड आहे, सकाळचे सात वाजलेत. हे कसं केलं त्यानं? आधी मला वाटायचं की त्यानं जे दिसतं ते काढलं. आता कळतं की माणसानं मुद्दाम, शुद्धीवर राहून, चांगल्या डोळ्यांनी हे असं पाहिलं. उभा राहून पाय दुखले. कुत्रा नाही याचं फार वाईट वाटलं.

मग शुद्धिपत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. पाटीखाली चिकटवून आलो.

शुद्धिपत्र. चित्र क्र. १४. ‘कुत्रा बसला आहे’ याऐवजी ‘धुण्याचे गाठोडे ठेवले आहे’ असे वाचावे. चूक चित्रकाराची नाही, संग्रहालयाची नाही, कु. उत्कर्षा यांची नाही. चूक मुद्रितशोधकाच्या मोतीबिंदूची. ज्यांना कुत्रा दिसला त्यांनी डोळे तपासून घ्यावेत, किंवा स्वभाव. गो. परचुरे.

श्यामला मॅडमनी वाचलं. ‘किंवा स्वभाव’पाशी कान लाल झाले त्यांचे. मग खो-खो हसल्या. “परचुरेसाहेब, मला खरंच दिसला होता हो,” म्हणाल्या आणि तिथल्या तिथे उत्कर्षाला आत बोलावलं. ती कागद घेऊन बाहेर आली, सही दाखवली आणि मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, आधी करारातलं शुद्धलेखन तपास. पहिल्याच ओळीत दोन चुका होत्या.

पोरं मात्र नाराज. एकानं अभिप्रायात लिहिलंय, ‘आम्हाला कुत्रा परत हवा.’

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज नवीन डोळ्यानं काम सुरू करावं म्हणून बसलो. योगेशनं त्याच मागच्या कादंबरीची प्रुफं परत आणून दिली होती, दुसऱ्या आवृत्तीसाठी. माझ्या खुणा निळ्या पेनानं असतात. निळ्या खुणा पानाला दोन-तीन. त्यातल्या निम्म्या चुकीच्या ठिकाणी. आणि त्यांच्या आजूबाजूला पानभर बारीक, सुबक, गोल अक्षरात लाल पेन्सिलीच्या खुणा. शंभराव्या पानावर नायिकेच्या आईचं नाव, लाल. तिसरीच्या वह्या तपासणारं अक्षर ते. चाळीस वर्षं मी ते किराण्याच्या यादीवर बघतोय.

मी हाक मारली नाही. ती मंडईत गेली होती.

मग संशय आला म्हणून नियम मोडला आणि ही वही पहिल्या पानापासून उघडली.

सगळी तपासलेली आहे. तारखांसकट. ‘निरिक्षण’मधला रि दीर्घ केलाय. ‘आशिर्वाद’मधला शि, ‘तिर्थरूप’मधला ति. पहिल्या पानावर जिथं मी ‘तिसरीच्या पुढचं तिला यातलं काही कळत नाही’ असं लिहिलंय तिथं तिला एकही चूक सापडलेली नाही, म्हणून शेजारी बरोबरची खूण केली आहे. शाळेत करतात तशी. कुंकवाच्या डागापाशी नुसतं एक उद्गारचिन्ह. मळकी साडी, तिचं तोंड, म्हातारी झाली आहे, हे सगळं वाचलंय तिनं. ‘फार आवडली’ याच्याखाली काही नाही. पेन्सिलीचं टोक तिथं टेकलं होतं एवढं दिसतं.

पाच डिसेंबरच्या पानावर मी दोनदा ‘भिती’ लिहिलंय. एकेचाळीस वर्षं हा शब्द लोकांचा दुरुस्त केला मी! दोन्हीकडे तिनं भि दीर्घ केलाय. आणि समासात, वहीभर कुठे नाही असं एक वाक्य लिहिलंय: ‘भी दीर्घ असते. मंगळवारी जाऊ. कु.’

मी तसाच बसून राहिलो. दार वाजलं, ती आली, मेथीच्या जुड्या ओट्यावर ठेवल्या. माझ्यासमोर वही उघडी बघितली. चहा टाकला तिनं. दोन्ही कपांत आलं जास्त पडलं होतं.

कुसुम, हे तू वाचशीलच. तेव्हा इथंच सांगतो. योगेशला आज फोन केला. दुसऱ्या आवृत्तीत मुद्रितशोधक म्हणून दोन नावं छापायची आहेत आणि तुझं आधी. तो म्हणाला, काकूंचं का? मी म्हटलं, चूक दुरुस्त करतोय.

पाच जानेवारीला डावा डोळा. तू म्हणशील, एकदा झालंय, आता काय. पण मला परत भीती वाटते. बघ, दीर्घ लिहिली.